कामाला लाल बावटा, मताला दुसराच

1679. मुंबईतल्या डाव्या राजकारणाचा विषय निघाला की मला आधी हा आकडा आठवतो. 5 जून 1970 च्या रात्री लालबागमध्ये कॉम्रेड कृष्णा देसाई यांचा खून झाला. ते कम्युनिस्ट आमदार होते, त्याआधी महापालिकेत अनेकदा निवडून आलेले, आणि गिरणगावातल्या पोराटोरांना नावानं हाक मारणारे. रिकाम्या झालेल्या परळच्या जागेसाठी ऑक्टोबरात पोटनिवडणूक लागली. लाल बावट्याकडून त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या, समोर शिवसेनेचे वामनराव महाडिक. महाडिक 1679 मतांनी आले. शिवसेनेचा विधानसभेतला पहिला आमदार तो हा.

या निकालाचं ठरलेलं स्पष्टीकरण असं, की वर्गावर अस्मितेनं मात केली. मराठी माणूस, लुंगीवाले, भगवा, आणि पोटाचा प्रश्न मागे पडला. माझं यावर पूर्ण समाधान कधीच झालं नाही. मी परळच्या चाळीतच वाढलो आणि अस्मितेची गोष्ट आमच्याकडे पुढे येण्याच्या बरीच आधी दुसरी एक गोष्ट घडून गेलेली होती, असं मला वाटतं. डाव्यांसाठी कामगार हा गिरणीच्या गेटवर भेटणारा माणूस होता. पाळी सुटली की तो जिथे झोपायला जायचा, त्या जागेला राजकारणात फारशी किंमत नव्हती. संडासाची रांग, नळाची वेळ, जिन्याची मोडकी पायरी, पोराची नोकरी हे सगळं ‘सुधारणावादी’ काम. क्रांतीनंतर आपोआप होणार होतं. कृष्णा देसाई या बाबतीत पक्षात थोडे वेगळे होते, त्यांचा जम वस्तीत होता. शिवसेनेनं हीच गोष्ट उचलली आणि एका माणसाचा जम होता त्याची दर वॉर्डात पत्र्याची शाखा केली. संध्याकाळी सातनंतर उघडी, बाहेर फळा, आत टेबल, टेबलामागे कोणीतरी ऐकून घेणारा.

आमच्या मजल्यावर एक काका राहायचे, पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. त्यांची सकाळ युनियनच्या ऑफिसात, दुपार औद्योगिक न्यायालयात किंवा लेबर कमिशनरकडे, संध्याकाळ कुठल्या तरी गेट मीटिंगला. पक्ष मानधन द्यायचा, पण त्यात एका माणसाचा बसचा पास आणि विडीकाडी जेमतेम भागली असती. काकू महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. पक्षानं कुणाला लेव्ही, म्हणजे सभासदानं कमाईतून पक्षाला द्यायचा हिस्सा, किती लावावी यावर काकांकडे जोरदार मतं होती आणि काकू पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, “लेव्हीचं मला सांगू नका, हे घर म्हणजे सगळी माझीच लेव्ही आहे.” महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरातल्या जुन्या डाव्या कार्यकर्त्याचं घर बघा, तिथे एक शिक्षिका, नर्स किंवा एलआयसीतली कारकून असतेच. चळवळीच्या इतिहासात या बायकांचा उल्लेख ‘त्यांच्या सहचारिणी’ एवढ्या दोन शब्दांत उरकतात. शहरातलं डावं राजकारण निम्मं त्यांच्या पगारावर चाललं, आणि ज्या पक्षांनी श्रमाच्या मोबदल्यावर एवढं लिहिलं त्यांनी हा हिशेब कधी मांडला नाही.

काका दोनदा महापालिकेला उभे राहिले. दोन्ही वेळा डिपॉझिट गेलं. दुसऱ्या वेळच्या निकालानंतर तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरचा एक जण ग्रॅच्युइटीचे कागद घेऊन दारात आला. त्यानं मत कुणाला दिलं ते सगळ्या चाळीला माहीत होतं. जाताना तोच ओशाळून म्हणाला, “काका, कामाला तुम्हीच हो. पण मत... वॉर्डात त्यांचं चालतं ना.” काकू आतून म्हणाल्या, “बरोबर बोलतोय तो.” काका तीन दिवस काकूंशी बोलले नाहीत.

काकूंचं म्हणणं मला आज पटतं. हा सगळा लेख त्या एका वाक्याची फोड आहे म्हणा ना. डाव्या कार्यकर्त्यांची जुनी तक्रार आहे की लोक कृतघ्न असतात, काम करून घेतात आणि मत पैशाला किंवा जातीला देतात. या तक्रारीत लोकांचा अपमान आहे. वॉर्ड ऑफिसात ज्याचा फोन उचलला जातो त्याला मत देणं हा मतदाराचा साधा व्यवहार असतो. ग्रॅच्युइटी कायद्यानं मिळते, ती मिळवून द्यायला वकिली येणारा माणूस लागतो, आणि तो निवडून आला नाही तरी मदत करणारच याची लोकांना खात्री असते. त्याला मत देऊन जास्तीचं काय मिळणार? याउलट गल्लीतल्या पेव्हर ब्लॉकला कायदा नाही. तो नगरसेवकाच्या मर्जीनं येतो आणि त्याच्या निधीतून आल्याची पाटीही सोबत येते. बाकड्यावर पाटी, शौचालयावर पाटी, चाळीच्या कमानीवर पाटी. न्यायालयातून मिळालेल्या थकबाकीवर पाटी कुठे लावणार?

पण शहराच्या राजकारणात डाव्यांच्या हाती काहीच लागलं नाही असं म्हणणारा माणूस इतिहास विसरतो. संयुक्त महाराष्ट्र समितीनं 1957 मध्ये मुंबई महापालिका जिंकली आणि 1958 मध्ये एस. एस. मिरजकर महापौर झाले. ब्रिटिशांनी कम्युनिस्टांवर चालवलेल्या मीरत कटाच्या खटल्यातला आरोपी मुंबईचा पहिला नागरिक! पुढे राज्य मिळालं, समिती फुटली, आणि कम्युनिस्ट आणि समाजवादी आपापल्या जुन्या भांडणांकडे परतले. 1968 च्या पालिका निवडणुकीत तर प्रजा समाजवादी पक्षानं शिवसेनेशीच युती केली. सेनेच्या 42 जागा आल्या. कृष्णा देसाईंच्या खुनाला तेव्हा दोन वर्षं अवकाश होता. डाव्यांच्या पराभवाची चर्चा करताना हे पान सहसा उलटलं जात नाही.

या पडझडीत ज्यांनी शहर नीट ओळखलं त्या बहुतेक बाया होत्या. समाजवादी मृणाल गोरे वैद्यकीय शिक्षण सोडून चळवळीत आल्या आणि गोरेगावात राहिल्या. 1957 मध्ये गोरेगावसकट उपनगरं बृहन्मुंबईत आली. कर मुंबईचा, पाणी मात्र गावाचं, अशी स्थिती. 1961 मध्ये त्या महापालिकेत निवडून आल्या आणि पाण्यासाठी त्यांनी प्रशासनाला इतकं भंडावलं की ‘पाणीवाली बाई’ हेच त्यांचं नाव पडलं. 1977 मध्ये त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या, इंदिरा गांधी हरल्या, आणि ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा घरोघरी पोचली. त्याच निवडणुकीत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या (माकप) अहिल्या रांगणेकर मुंबईतूनच लोकसभेत गेल्या. त्याही 1961 पासून महापालिकेत होत्या, कम्युनिस्ट नेते बी. टी. रणदिव्यांच्या धाकट्या बहीण. 1972 च्या दुष्काळात या दोघी आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या (भाकप) तारा रेड्डी यांनी महागाईविरोधी आघाडी उभारली आणि मुंबईच्या रस्त्यावर लाटणं आलं. समाजवादी, भाकप, माकप यांचे पुरुष नेते एका व्यासपीठावर बसायला कचरत होते तेव्हा या बाया रॉकेल आणि तेलाच्या भावावरून एकत्र आल्या. लाटणं हे कामगाराचं हत्यार आहे का, यावर तेव्हा पक्षाच्या कुठल्या तरी शाखेत चर्चा झाली असेल याची मला खात्री आहे!

मृणालताईंना मतं मिळाली, काकांना मिळाली नाहीत. फरक निव्वळ व्यक्तिमत्त्वाचा नव्हता. पाणी हा प्रश्न गोरेगावातल्या प्रत्येक घराचा होता, बंगल्याचाही आणि झोपडीचाही, आणि तो सोडवायची जागा महापालिकेचं सभागृह हीच होती. काकांचे प्रश्न गिरणीच्या मालकाकडे आणि न्यायालयात सुटत. त्यातही 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं एका उद्योगात एकाच प्रातिनिधिक युनियनला बोलणी करायचा हक्क दिला, आणि कापड गिरण्यांत तो हक्क काँग्रेसच्या बाजूच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. कामगार लाल बावट्याचे, टेबलावर बसणार दुसरे. म्हणजे गेटवर कायद्यानं हात बांधलेले आणि वॉर्डात स्वतःच्या सिद्धांतानं. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा या कायद्याला आणि या युनियनला कंटाळूनच ते गेले होते. पण त्यांनी नेता निवडला तो डॉ. दत्ता सामंत, लाल बावट्याचा नव्हे. पुढे गिरण्या गेल्या आणि जमिनी राहिल्या. 1991 च्या विकास नियमावलीत त्या जमिनींचा साधारण तिसरा हिस्सा पालिकेला आणि तिसरा म्हाडाला मिळायचा होता. 2001 मध्ये नियमात असा बदल झाला की ही वाटणी केवळ मोकळ्या जागेपुरती उरली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल उचलून धरला. शहराच्या राजकारणातली खरी लढाई ही असते, एका नियमातल्या एका शब्दाची. तो शब्द बदलताना टेबलावर डावा माणूस नव्हता.

मुंबईबाहेरचं सगळ्यात बोलकं उदाहरण सोलापूरचं आहे. नरसय्या आडम, सगळ्यांचे आडम मास्तर, माकपचे तीन वेळचे आमदार. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची वस्ती, नवरा यंत्रमागावर आणि बायको घरात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी. हजार विड्यांवर मजुरी, त्यातल्या मोजताना काही बाद. अशा बाईच्या नावावर घर व्हावं म्हणून मास्तरांनी केंद्र, राज्य, बँक आणि बाईचा स्वतःचा हिस्सा यांची मोट बांधली. शहराबाहेर कुंभारीत कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. पुढे रे नगर झालं, ती योजना तीस हजार घरांची. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिल्या गेल्या. त्याआधी 2019 च्या जानेवारीत सोलापुरातल्या सभेत मास्तरांनी मोदी आणि फडणवीस यांच्याबद्दल व्यासपीठावरून चार चांगले शब्द काढले, तर पक्षानं त्यांना तीन महिने केंद्रीय समितीतून निलंबित केलं.

या निलंबनावर मी बराच विचार केला आहे. पक्षाची शिस्त म्हणून बघितलं तर चूक काढता येत नाही, निवडणूक तोंडावर असताना विरोधकाला प्रमाणपत्र देऊ नये हे कुठल्याही पक्षाला कळतं. पण शहरात काम करणाऱ्या कार्यकर्त्याची गोचीही त्यातच दिसते. घर सरकार देतं. सरकार आपलं नसतं. मग चावी ज्याच्या हातून येते त्याला नमस्कार करावा लागतो, आणि नमस्कार केला की आपले लोक विचारतात, वाकलास किती? मास्तर 2009, 2014, 2019 आणि 2024 अशा चारही विधानसभा हरले. हजारो कुटुंबं शहराबाहेर नव्या घरात जातात तेव्हा ती मास्तरांच्या जुन्या गल्लीबोळांतून आणि तिथल्या मतदारयादीतूनही उठतात, हेही हिशेबात धरायला हवं. मत डोळ्यांसमोर ठेवून काम करणाऱ्यानं असली योजना आखली नसती. मास्तरांनी ती आखली याचं मला कौतुक वाटतं, आणि पक्षानं याचं राजकारण कसं करायचं ते पन्नास वर्षांत शिकून घेतलं नाही याची चीड येते.

कोल्हापुरात भाकपचे गोविंद पानसरे यांनी हे थोडं वेगळ्या तऱ्हेनं साधलं. वृत्तपत्रं विकण्यापासून नगरपालिकेतल्या शिपायाच्या नोकरीपर्यंत सगळं करून वकील झालेला हा माणूस मोलकरणींची संघटना बांधायचा आणि ‘शिवाजी कोण होता?’ अशी पुस्तिकाही लिहायचा. शहरात टोल लागला तेव्हा पानसरे आणि शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील पुढे झाले, पण मोर्चात सगळे पक्ष, तालीम मंडळं आणि व्यापारी होते. टोल हा कोल्हापूरच्या प्रत्येक दुचाकीवाल्याला समजणारा प्रश्न होता. 16 फेब्रुवारी 2015 ला पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या, 20 तारखेला ते गेले. त्याच वर्षाअखेर सरकारनं टोल बंद करत असल्याचं जाहीर केलं. शहराच्या राजकारणात डावा माणूस किती धोका पत्करतो याचा हा दुसरा टोकाचा दाखला. कृष्णा देसाई आणि पानसरे यांच्यात पंचेचाळीस वर्षांचं अंतर आहे.

मुंबईत आजही हे काम चालू आहे, त्याला लाल बावट्याचं नाव असो वा नसो. कचरा वाहतूक श्रमिक संघानं पालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांसाठी वर्षानुवर्षं खटला लढवला. हे आमचे कामगारच नाहीत, असं पालिका म्हणत राहिली. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 2,700 जणांना कायम करण्याचा आदेश उचलून धरला. पाणी हक्क समितीनं सरकारनं ठरवलेल्या मुदतीनंतरच्या झोपड्यांच्या पाण्यासाठी उच्च न्यायालय गाठलं, आणि डिसेंबर 2014 मध्ये न्यायालयानं सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी आत राहणाऱ्याला पाणी नाकारता येणार नाही. मृणालताईंनी जे सभागृहात भांडून मिळवलं ते आता न्यायालयात जाऊन मिळवावं लागतं. हा बदल मला चांगला वाटत नाही. न्यायालयात वकील बोलतो, बाई बाहेर बाकावर बसते. सभागृहावर मोर्चा यायचा तेव्हा बाई स्वतः बोलायची.

आता कोणी म्हणेल, मग निवडून या की, अडवलंय कुणी? थोडं अडवलंही आहे. मुंबईत अजून एका वॉर्डात एक नगरसेवक आहे. पण 2017 मध्ये राज्यातल्या बहुतेक महापालिकांत चार सदस्यांचे प्रभाग आले. गल्लीत ओळख असलेल्या माणसाला आता चार गल्ल्यांएवढी मतं नव्हे, चार वॉर्डांएवढी मतं हवीत, बरोबर आरक्षणाच्या चौकटीत बसणारे आणखी तीन उमेदवार हवेत आणि चौघांचा खर्चही हवा. मोठ्या पक्षाला हे सोयीचं आहे. ज्याचं भांडवल म्हणजे तीस वर्षांची ओळख, त्याला यात जागा नाही. शिवाय मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून जास्त काळ शहर प्रशासकाच्या हाती राहिलं. नगरसेवक नसला की काय होतं ते त्या काळात सगळ्या मुंबईनं अनुभवलं: अर्ज करा, पोच घ्या, पुढच्या आठवड्यात या, साहेब मीटिंगमध्ये आहेत. काकांनी आयुष्यभर हेच केलं होतं. फरक इतकाच की त्यांना याची सवय होती.

म्हणून माझं मत असं आहे की डाव्या पक्षांनी शहरात लोकसभा-विधानसभेच्या नादात प्रतीकात्मक उमेदवार उभे करणं थांबवावं आणि दहा वर्षं दोनच गोष्टींसाठी भांडावं. एक सदस्याचा प्रभाग सगळीकडे परत यावा, आणि नगरसेवक निधी बंद होऊन तो पैसा वस्तीच्या सभेत ठरावा. शहरातल्या क्षेत्रसभांची, म्हणजे शेजारशेजारच्या मतदान केंद्रांवरच्या मतदारांच्या सभांची, तरतूद राज्याच्या कायद्यात 2009 मध्येच झाली आहे. ती कागदावर झोपली आहे. ग्रामसभेबद्दल एवढं ऐकतो आपण, पण शेजारच्या मतदान केंद्रावरच्या लोकांनी एकत्र बसून गटाराचा पैसा कुठे लागावा ते ठरवल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. पाटी लावायला निधीच उरला नाही, तर मदत करणारा आणि निवडून येणारा ही दोन वेगळी माणसं राहायचं कारण कमी होईल. पूर्ण जाणार नाही. जात, धर्म, पैसा आहेतच. पण निदान तळमजल्यावरच्या माणसाला ओशाळून बोलावं लागणार नाही.

मागे एकदा मी हे सगळं काकांना सांगितलं. आता ते पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, चाळ पुनर्विकासाला गेली आणि ते विरारला मुलाकडे राहतात. मुलगा मत कुणाला देतो ते विचारायचं नाही, असा आमच्यात करार आहे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, निधी बंद करायचा ठराव सभागृहात मांडणार कोण, तिथे आपला एक तरी माणूस लागेल ना. मी गप्प बसलो. त्यांनी चष्मा शोधला, टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला आणि माझ्यासमोर सरकवला. “लिही. आधी विभाग कार्यालयाला. क्षेत्रसभा कधी घेणार ते विचार. तारीख वर, उजवीकडे. आणि पोच घेतल्याशिवाय हलू नकोस तिथून.”